दातावर खडा लावण्याआधी तो काढायच्या दिवसाचा विचार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्न दोन महिन्यांवर आलंय आणि उजव्या सुळ्यावर एक छोटा चमकता खडा लावून घ्यायची हौस आहे. पार्लरवाली ताई म्हणते, ८०० रुपये द्या, दहा मिनिटांत लावून देते. आई म्हणते, दात किडेल. त्यात धाकट्या भावाला रॅपर लोक घालतात तसं सोनेरी ग्रिल, म्हणजे दातांवर चढवायचं धातूचं कवच, हवंय, आणि ‘तिला खडा चालतो तर मला ग्रिल का नाही’ म्हणून तो अडून बसलाय. यातलं काय सुरक्षित आणि काय नाही?

मी डेंटिस्ट आहे, सांगलीत बावीस वर्षं दवाखाना चालवते. असे खडे मी स्वतः लावलेत आणि त्याहून जास्त वेळा दुसरीकडे लावलेले काढलेत. म्हणून तुमच्या प्रश्नाकडे मी शेवटाकडून बघते. खडा काढाल त्या दिवशी खालचा दात आज आहे तसाच परत मिळेल का, हा खरा प्रश्न आहे. नथ आपण रात्री काढून डबीत ठेवतो. दातावरचा खडा जेवताना, झोपताना, आजारपणात, महिनोन्‌महिने तिथंच बसून असतो. आणि तो ज्याच्यावर बसतो त्या एनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचात, जिवंत पेशी नसतात. नख तुटलं तर वाढतं, हाड मोडलं तर जुळतं, पण एनॅमल एकदा गेलं की शरीर ते पुन्हा बनवत नाही.

तुमच्या आईचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. खड्यानं दात किडत नाही, पण खड्याच्या कडेला जे साचतं त्यानं किडू शकतो. नीट लावलेला, नीट सांभाळलेला खडा काढल्यावर दात जसाच्या तसा मिळालेला मी पुष्कळदा पाहिलाय. तेव्हा सरसकट ‘लावू नका’ असं मी म्हणणार नाही. पण हो म्हणायच्या आधी तुमचं तोंड बघावं लागेल, ते मला इथून दिसत नाही. म्हणून कशावर काय अवलंबून असतं ते सांगते.

आधी खडा लावताना काय होतं ते बघा, म्हणजे पार्लरमध्ये काय चुकतं ते आपोआप कळेल. पहिल्यांदा दात प्युमिसच्या (एका सच्छिद्र दगडाच्या) पावडरीनं घासून घेतो, तेलकट पेस्ट वापरत नाही. मग ओठ आणि गाल बाजूला धरणारी प्लास्टिकची चौकट लावतो, दाताशेजारी कापसाच्या गुंडाळ्या ठेवतो, कारण पुढच्या पाच मिनिटांत थुंकीचा एक थेंबही तिथं पोचता कामा नये. नंतर ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडची निळी जेल फक्त खड्याएवढ्या जागेवर, १५ ते ३० सेकंद. धुऊन वाळवलं की तेवढाच ठिपका दुधी काचेसारखा दिसतो. याचा अर्थ एनॅमलवर अतिशय बारीक खड्डे पडलेत आणि त्यांत सिमेंट, म्हणजे खडा दाताला चिकटवायचं आमचं मिश्रण, रुतून बसणार. त्यावर बाँडिंगचा, म्हणजे पकड धरणाऱ्या द्रवाचा, पातळ थर, मग दाताच्या रंगाच्या पातळ सिमेंटचा थेंब, त्यात खडा, आणि निळ्या दिव्यानं ते कडक करणं. ड्रिल कुठेच लागत नाही, इंजेक्शन लागत नाही, दुखत नाही. कोणी ‘थोडा खड्डा करून बसवतो म्हणजे टिकेल’ म्हणालं, तर तिथून उठून या.

यात सगळ्यात किचकट भाग आहे सिमेंटची कड. खड्याची पाठ सपाट असते आणि सुळा पुढून फुगीर. म्हणजे मधे थोडी फट राहणारच, ती सिमेंटनं भरून कड दाताकडे उतरती करावी लागते. शेवटी मी ओल्या दातावरून कापसाचा बोळा फिरवते. एखादा तंतू जरी अडकला, तरी पुन्हा पॉलिश करते. जिथं कापसाचा तंतू अडकतो तिथं उद्या पोळीचा कण अडकणार आणि परवा जंतूंचा थर बसणार.

आता पार्लरबद्दल. त्या ताईच्या हाताला कसब नसेल असं मी म्हणत नाही. नखांवर खडे लावणं हे बारीक काम आहे. पण नखाचं सामान दाताला चालत नाही. नखाच्या जेलचा दिवा साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचा (प्रकाशाच्या लहरीचं माप) प्रकाश देतो. आमच्या बहुतेक सिमेंटांना ४७० च्या आसपासचा निळा प्रकाश लागतो. नखाच्या दिव्याखाली ते वरून कडक झाल्यासारखं वाटतं, आत कच्चंच राहतं. कच्च्या सिमेंटमधली रसायनं झिरपत राहतात आणि खडा चार दिवसांत हलायला लागतो. काही ठिकाणी तर सिमेंटही नसतं, झटपट चिकटणारा घरगुती गोंद वापरतात.

असाच एक दात मी पाहिलाय. लग्नाला नऊ दिवस असलेली मुलगी आली होती, हळद लागायच्या आधी खडा सरळ करून द्या म्हणत. खडा तिरपा होता, पण माझी नजर हिरडीवर गेली. सुळ्याच्या मुळाशी हिरडीचा तुकडा उकळत्या पाण्यानं भाजावा तसा पांढरा पडला होता. गोंद ओघळून हिरडीपर्यंत गेला होता. तो गोंद ओलाव्यात चिकटताना उष्णता सोडतो. शिवाय गोंद दाताच्या आणि शेजारच्या दाताच्या फटीतही शिरला होता, दोन्ही दात एकमेकांना चिकटलेले. दोरा जात नव्हता. काढायला पाऊण तास लागला, हिरडी भरून यायला दोन आठवडे. तिच्या फोटोंत तो सुळा नीट दिसतो, पण त्या नऊ दिवसांत तिला पुरणपोळीसुद्धा एका बाजूनं खावी लागली.

कायद्याचंही सांगून ठेवते. आपल्याकडे दातांवरचे उपचार नोंदणी असलेल्या डेंटिस्टनंच करायचे असतात. दाताला ॲसिड लावून सिमेंट चिकटवणं हे मी त्यातच धरते. ऑनलाइन मिळणारे ‘घरी लावा’ किटही त्याच कारणानं नकोत. आरशात बघून स्वतःच्या दाताला ॲसिड लावताना ते हिरडीवर, ओठावर किंवा नको तितकं रुंद पसरणं फार सोपं आहे. खडासुद्धा दातासाठी बनवलेला, शिसं नसलेल्या काचेचा किंवा सोन्याचा हवा. नखाला किंवा ड्रेसला लावायच्या स्वस्त खड्यांच्या काचेत शिसं असू शकतं, आणि त्यांच्या पाठीचा चंदेरी थर तोंडात सुटतो.

खडा लागला की पुढचं काम तुमचं. इथं मला जरा थांबायचंय, कारण बहुतेक दात इथं बिघडतात. तोंडातला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त), ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधला कॅल्शियम विरघळायला लागतो. गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की दातावरच्या थरातले जंतू ॲसिड बनवतात आणि काही मिनिटांत पीएच तिथवर उतरतो. मग लाळ हळूहळू ते सावरते. खड्याच्या कडेला थर साचून राहिला तर तिथं लाळ नीट पोचत नाही, आणि विरघळणं चालूच राहतं. दातांना तारा लावलेल्या मुलांमध्ये पट्ट्यांभोवती पांढरे डाग पडायला चार आठवडेही पुरतात. खड्याची गोष्ट तीच, जागा फक्त लहान.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एका मुलीचा खडा मी काढला. खड्याखालची जागा स्वच्छ, चकचकीत, आणि तिच्याभोवती खडूसारखं पांढरं कडं. टिकली काढल्यावर कपाळावर जो गोल उरतो ना, त्याच्या अगदी उलटं चित्र. तिला वाटलं खड्याचा रंग लागलाय. पण ते एनॅमल विरघळायला सुरुवात झाल्याची खूण होती. अजून खड्डा पडला नव्हता म्हणून फ्लोराइड वार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप) आणि घासण्याची सवय बदलून ते थांबलं. कडं अजून दिसतं, पूर्वीपेक्षा फिकट. ती दिवसातून दोनदा ब्रश करायची, पण खडा निघेल या भीतीनं त्या सुळ्याला ब्रश लावायचीच नाही.

असं करू नका. नीट लावलेला खडा ब्रशनं निघत नाही, आणि निघालाच तर तो निघालेला बरा. मऊ ब्रश घ्या, हिरडीकडून खड्याकडे आणि मग खालून खड्याकडे, असा दोन्ही बाजूंनी तिरपा फिरवा. फ्लोराइडची पेस्ट वापरा. आपल्याकडच्या मोठ्यांच्या साध्या फ्लोराइड पेस्टमध्ये साधारण १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड असतं, तेवढं पुरे. रात्री थुंकून टाका, पण खळखळून चूळ भरू नका, थोडं फ्लोराइड दातावर राहू द्या. कोळशाची पावडर, राखुंडी, मीठ-लिंबू यातलं काही नको. लिंबू सरबत, कोकम, कोल्ड्रिंक प्यायचं तर जेवणाबरोबर एकदाच प्या, तासभर घोट घोट घेत बसू नका. आणि आंबट घेतल्यावर लगेच ब्रश न करता अर्धा तास थांबा. मधल्या वेळात साध्या पाण्याची चूळ भरा.

जीभ आणि नख हा वेगळा त्रास आहे. पहिले आठ दिवस जीभ सारखी खड्याकडे जाते, ते होतंच. पण नखानं खाजवायची सवय लागली तर हिरडी सुजते. ओठाच्या आतल्या बाजूला खरचटतंय असं दोन दिवसांनंतरही वाटलं, तर कड टोचतेय. जाऊन पॉलिश करून घ्या, सवय होईल म्हणून सोडून देऊ नका.

कोणाला मी खडा लावत नाही? ब्रश करताना हिरडीतून रक्त येतं त्याला आधी दात साफ करून घ्यायला लावते. न भरलेली कीड असेल, तोंड कोरडं पडत असेल, तारा लावायच्या असतील, रात्री दात कराकरा खाण्याची सवय असेल, तर नाही. त्या दातावर आधीच कॅप किंवा व्हेनिअर (दाताच्या पुढून चिकटवलेला पातळ पापुद्रा) असेल तरी नाही. चिनीमातीच्या कॅपवर खडा चिकटवायला वेगळं, जहाल ॲसिड लागतं आणि काढताना कॅपचा टवका उडू शकतो. मिशरी, तंबाखू, गुटखा खाणाऱ्या कुणी विचारलं, तर आधी त्या सवयीबद्दल बोलते. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे दातांवर तपकिरी डाग असतात. अशा एनॅमलवर पकड कमी-जास्त बसते, तिथं दात बघूनच ठरवावं लागतं. आणि अठरा वर्षांच्या आतल्या मुलांना आई-वडिलांशिवाय मी खुर्चीवरच घेत नाही.

जागाही महत्त्वाची. वरचा सुळा किंवा त्याच्या शेजारचा दात, हिरडीपासून निदान दोन मिलिमीटर खाली, आणि खालचे दात जिथं येऊन टेकतात तिथून दूर. तुम्ही सुळा निवडलाय ते चांगलं आहे. लग्नात विडा तोडायचा असेल तर तो समोरच्या दातांनी तोडतात, सुळ्यावर जोर येत नाही.

आता भाऊ. दात सजवायची हौस काही आजची नाही, त्याला तेवढं तरी समजून घ्या. मध्य अमेरिकेतले माया लोक समोरच्या दातांना गोल भोक पाडून त्यात हिरवा जेड बसवायचे. राजस्थानात पुढच्या दातात सोन्याची मेख बसवतात, तिला चूंप म्हणतात. आपल्याकडे सुवासिनी दातवण लावून दात काळे करायच्या, तेही सौंदर्यच होतं. ग्रिलची फॅशन १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्या मंडळींत पसरली. पण माया लोकांच्या सापडलेल्या काही दातांत ते भोक दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलेलं आणि मुळाशी पू झालेला दिसतो. दात पोखरून किंवा तासून केलेली सजावट तेव्हाही महागात पडायची.

म्हणून भावासाठी पहिली अट: कायमचं ग्रिल नको, काढता-घालता येणारंच. चिकटवून बसवलेल्या ग्रिलखाली अन्न शिरतं, बाहेर येत नाही, आणि ब्रश तिथं पोचत नाही. बसावं म्हणून कोणी चांगले दात तासायला सांगत असेल तर भावाचा हात धरून त्याला घरी आणा. दुसरी गोष्ट, माप. गरम पाण्यात मऊ करून दाबायची तयार ग्रिल मिळतात, ती हिरडीवर चढतात आणि हिरडी मागे सरकते. डेंटिस्टकडून दातांचं माप घेऊन, हिरडीच्या अलीकडे थांबणारं, खालच्या दातांना न अडणारं ग्रिल बनवून घ्यावं. घातल्यावर दात नीट मिटत नसतील, तर कानापुढचा जबड्याचा सांधा दुखायला लागू शकतो.

तिसरी गोष्ट धातू. त्याला विचारा, स्वस्त कडं किंवा घड्याळाचा पट्टा घातला की खाज सुटते का? तुमच्या घरात कुणाचा खोट्या कानातल्यानं कान पिकतो का? असेल तर निकेल चालत नसण्याची शक्यता आहे, आणि स्वस्त ग्रिलमध्ये निकेल असू शकतं. सोन्याचं करायचं तर हॉलमार्कचं. ९१६ म्हणजे ९१.६ टक्के सोनं. ओळखीच्या सोनाराकडून करून घेणार असाल तर डाख (सांधे जोडायचा धातू) कशाचा देतो ते विचाराच. पूर्वी कॅडमियमचा डाख सर्रास वापरायचे, केडीएम म्हणतात तो. कॅडमियम विषारी आहे, तोंडात घालायच्या वस्तूत तो अजिबात नको.

घालायचं ते व्हिडिओपुरतं, कार्यक्रमापुरतं. खाताना काढायचं, झोपताना काढायचं, घालायच्या आधी दात घासायचे. काढलं की मऊ ब्रशनं साबणाच्या पाण्यात धुऊन, पुसून, हवा लागेल अशा डबीत ठेवायचं. टूथपेस्टनं सोन्यावर चरे पडतात आणि चऱ्यांत थर साचतो. तोंडात ग्रिल असताना कोल्ड्रिंक तर मुळीच नको. ते धातू आणि दाताच्या मधे अडकून बसतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण असा भाऊ पुढच्या वर्षी जिभेला बाळी टोचायचं म्हणेल, म्हणून एक ओळ. या सगळ्यात मी ठाम नाही म्हणते ते जीभ आणि ओठ टोचण्याला. जिभेतला धातूचा गोळा दातावर आपटून टवके उडतात, खालच्या दातांची आतली हिरडी उतरते, आणि जीभ सुजली तर श्वासाची वाट अडू शकते. हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्यानं तर नावच काढू नये.

तर तुमच्यापुरतं असं: खडा चालेल, पण डेंटिस्टकडे, दाताच्याच सामानानं, हिरड्या निरोगी असतील तर. भावाला काढता येणारं, मापाचं, निकेल नसलेलं ग्रिल, तासा-दोन तासांपुरतं.

दोन महिने हातात आहेत ते पुरेसे आहेत, फक्त क्रम चुकवू नका. या आठवड्यात तपासणी आणि दात साफ करून घ्या. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते खड्याच्या आधी. नंतर केलं तर खड्याखालचा भाग तसाच पिवळसर राहतो. पांढरे केल्यावर दोन आठवडे थांबा, तोवर सिमेंटची पकड नीट बसत नाही. मग खडा, लग्नाच्या निदान आठ-दहा दिवस आधी, म्हणजे कड टोचली तर दुरुस्तीला वेळ मिळतो. पहिला दिवसभर चहा, हळदीची आमटी आणि कात घातलेलं पान टाळा. हळद सिमेंटच्या कडेला पिवळी रेघ सोडते, आणि ती फोटोत खड्याआधी दिसते. त्या पहिल्या दिवशी ऊस, चिक्की, कडक लाडू सुळ्यानं फोडू नका.

खडा किती टिकेल ते कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. काहींचा सहा महिन्यांत पडतो, काहींचा दोन वर्षं राहतो. जेवताना पडून पोटात गेला तर बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडतो. पण गिळल्यावर खोकला सुरू झाला, घुसमटल्यासारखं झालं, तर तडक हॉस्पिटल गाठा. खडा पडला म्हणजे काम संपलं असंही समजू नका. दातावर सिमेंटचा खरखरीत ठिपका राहिलेला असतो आणि तो खड्यापेक्षा जास्त मळ धरतो. तो मंद फिरणाऱ्या पॉलिशच्या चकतीनं काढून घ्यायचा, वरून फ्लोराइड वार्निश लावून घ्यायचं, दहा मिनिटांचं काम आहे. स्वतः सुईनं किंवा नेलकटरनं खरवडू नका.

आणि खडा लावायला जायच्या आदल्या दिवशी खिडकीपाशी उभं राहून, ओठ वर उचलून त्या सुळ्याचा जवळून फोटो काढून ठेवा. दर सहा महिन्यांनी तपासणीला जाल तेव्हा आणि खडा काढायच्या दिवशी तोच फोटो डेंटिस्टच्या हातात द्या. पांढरं कडं नवीन आहे की पहिल्यापासून होतं, ते त्यावरून लगेच कळतं.